न झालेल्या विक्रीचं कमिशन परत करा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(नाव लिहिलं असतं, पण तुमच्या ॲपवर ते सापडलं नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ते तिथे असायला हवं.)

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला. ठेवला म्हणजे तिकडूनच कट झाला. त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू द्या. लिलाव कसा चालतो हे तुम्हाला समजावून सांगायला नको, धंदाच तो आहे तुमचा.

तुमच्या ॲपवर लिलावाला लावलेला माझा लॉट 1949 च्या पुरातत्त्व मालिकेतल्या टपाल तिकिटांचा. पूर्ण 16 तिकिटं, तीन पैपासून पंधरा रुपयांपर्यंत, न वापरलेली, मागचा गोंद शाबूत. ही इथेच नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली. वडील प्रेसमध्ये नोकरीला होते, संग्रह त्यांचा. पंधरा रुपयांच्या शत्रुंजय मंदिराच्या तिकिटाचे पुढून-मागून फोटो टाकले होते, कडेचे दात मोजता येतील इतके जवळून. बोली 18,400 वर थांबली. जिंकणाऱ्या महाशयांनी माझा मेसेज वाचल्याची खूण आली आणि तिथून पुढे मौनव्रत.

पैसे आले नाहीत ते नाहीतच. तुमचं कमिशन मात्र त्याच रात्री कापलं गेलं. 12 टक्क्यांनी 2,208 रुपये, वर 18 टक्के जीएसटीचे 397 रुपये 44 पैसे. कशातून कापलं? तर आधीच्या विक्रीचे जे पैसे माझ्या खात्यावर पडून होते त्यातून. चव्वेचाळीस पैशांपर्यंत हिशेब चोख, फक्त विक्रीच झालेली नाही. लॉटवर 'विकले गेले' असा हिरवा शिक्का, म्हणून तो पुन्हा लिलावाला लावता येईना. 18,200 ची बोली लावणारे गृहस्थ खरे गिऱ्हाईक होते. तुमची 'पडताळणी' संपेपर्यंत त्यांनी दुसरीकडून संच घेतला. त्यांना काय म्हणणार!

आता तो फोन. मी म्हटलं, "ताई, या माणसाने पैसे दिले नाहीत, वर मलाच एक तारा दिलाय. काय लिहिलंय ते वाचा." त्यांनी मोठ्याने वाचलं, "विक्रेता सारखे पैसे मागतो." क्षणभर थांबल्या. वाटलं, आता तरी हसतील. तर म्हणाल्या, "सर, हा बायरचा वैयक्तिक अनुभव आहे. अनुभव आम्ही डिलीट करत नाही." मग म्हटलं, माझाही अनुभव लिहू द्या. "सेलर बायरला रेटिंग देऊ शकत नाही सर, आपल्या बायरला असुरक्षित वाटू नये म्हणून." आपल्या बायरला, बरं का! पुढे विचारतात, "पैसे मागताना आपली भाषा सौम्य होती ना सर?" माझा मेसेज तुमच्याच इनबॉक्समध्ये आहे. "नमस्कार, पेमेंटची वाट पाहतो आहे." याहून सौम्य म्हणजे तिकिटं फुकट पाठवतो, पोस्टेजही माझ्याकडेच लागलं, असं लिहायचं बाकी होतं. निदान याला ब्लॉक तरी कसं करायचं ते सांगा म्हटलं, तर, "त्यासाठी प्रीमियम सेलर प्लॅन आहे सर, महिना 999 रुपये." त्यावर मी जे बोललो ते तुमच्याकडे रेकॉर्ड झालं असेल, जरूर ऐका. फोन कट. लगेच मेसेज, आजचा संवाद कसा वाटला, तारे द्या. म्हणजे तारे द्यायची मुभा मलाही आहे तर.

त्या ताईंवर राग नाही. समोर लिहून दिलंय तेच त्या वाचणार. ते लिहिणाऱ्यांसाठी हे पत्र आहे.

बोली लागलेला लॉट मी मागे घेतला तर तुम्ही 250 रुपये दंड लावता. बोली जिंकून पैसे बुडवले तर काहीच नाही. वस्तू विक्री कायदा 1930, कलम 64 काढून बघा. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडला की विक्री पुरी. तुमच्याकडे हातोडा फक्त विक्रेत्याच्या डोक्यात पडतो. लासलगावला येऊन एकदा कांद्याचा लिलाव बघा. तिथे बोली लावणारा व्यापारी परवानाधारक असतो, बाजार समितीला तो चेहऱ्याने ठाऊक असतो. भाव पुकारून पसार झाला तर त्याला दुसऱ्या दिवशी कोण उभं करेल? तुमच्याकडे नुसता मोबाइल नंबर टाकला की लाखाची बोली लावता येते. अनामत नको, काही नको. आणि याच महाशयांची बोली आत्ता, हे लिहिताना, माझ्या फर्स्ट डे कव्हरच्या (तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेल्या पाकिटांच्या) लॉटवर सगळ्यांत वर आहे!

2018 मध्ये ईबे इंडिया बंद झालं तेव्हा आम्हा संग्राहकांची फार पंचाईत झाली होती. तुम्ही आलात तेव्हा बरं वाटलं होतं. चार जणांना मीच तुमचं नाव सुचवलं. आता त्या चौघांनाही फोन करणार आहे.

कापलेले 2,605 रुपये 44 पैसे परत हवेत, जीएसटीसकट. विक्रीच नाही तर कमिशन कसलं, हे तिसऱ्यांदा लिहीत नाही. तो एक तारा काढा आणि ते खातं बंद करा. नियमाप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात येईन. मी दुकान थाटलेलं नाही, घरातला संग्रह विकतोय. तेव्हा 'व्यावसायिक वापर, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही' असं म्हणून हात झटकू नका.

फर्स्ट डे कव्हरचा लॉट आज रात्री मागे घेतोय. त्याचे 250 रुपये, वाटल्यास, सगळ्यांत वरच्या बोलीवाल्याकडून वसूल करून बघा.

आपला,
एक विक्रेता (सध्या एक तारा)
जेल रोड, नाशिक रोड