महसूल मंत्र्यांना खुले पत्र : महारेराचा आदेश तहसील कार्यालयात अडकतो

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी खासगी नोकरीतून निवृत्त झाले. पेन्शन नाही. फंडाचे पैसे हातात आले तेव्हा धाकट्या भावाला बरोबर घेऊन एक वन बीएचके बुक केला. राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. दर महिन्याला येणारे भाडे म्हणजेच आमची पेन्शन, एवढाच हिशेब होता.

करारातली ताब्याची तारीख उलटली. पुढे तीन वर्षे नुसत्या नव्या तारखा मिळत राहिल्या. शेवटी आम्ही महारेराकडे, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे गेलो. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १८ प्रमाणे पैसे व्याजासह परत करण्याचा आदेश झाला. बिल्डरने तो पाळला नाही. मग कलम ४०(१) खाली वसुलीचे वॉरंट निघाले, ते जिल्हाधिकारी कार्यालयात गेले आणि तिथून तहसीलदारांकडे आले. त्याला आता दोन वर्षे होत आली. अजून एक रुपयाही आलेला नाही.

हे पत्र गृहनिर्माण मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, त्याचे कारण इथेच आहे. कायद्याने ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करायची असते. म्हणजे आदेश महारेराचा असला तरी वसुली तुमच्या खात्याची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १७६ मध्ये मागणीची नोटीस, जंगम मालमत्तेची अटकावणी (ती ताब्यात घेणे), स्थावर मालमत्तेची जप्ती आणि विक्री, इतकेच नव्हे तर थकबाकीदाराला अटक करण्यापर्यंतचे मार्ग दिले आहेत. आमच्या प्रकरणात नोटीस निघाली. त्यापुढे काही झाले नाही.

तहसील कार्यालयात मला काय सांगितले गेले, ते तुम्ही ऐकावे असे वाटते. “बाई, बिल्डरच्या मालमत्तेची यादी आणा, मग जप्तीचे बघू.” साठी ओलांडलेल्या बाईने सातबारे शोधत फिरायचे! पुढच्या खेपेला समजले की कारकून निवडणुकीच्या कामावर आहेत. त्यानंतरच्या खेपेला साहेब बदलून गेले होते आणि फाइल नव्याने समजावून सांगावी लागली. त्या माणसांवर माझा राग नाही. पीक पंचनामे, दाखले, निवडणुका असे सगळे त्यांच्याच डोक्यावर असते आणि आमचे वॉरंट त्या ढिगात शेवटी जाते. महारेराने पाठपुराव्यासाठी निवृत्त महसूल अधिकारी नेमले, हे चांगलेच झाले. पण जप्तीच्या कागदावर सही तुमच्याच अधिकाऱ्याची लागते.

मालमत्तेची यादी माझ्याकडे कशाला मागता, साहेब? ती तुमच्या घरातच आहे. नोंदणी व मुद्रांक विभाग तुमचाच. त्या बिल्डरने विकलेल्या प्रत्येक सदनिकेचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला आहे, प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताच्या नोंदणीचा गोषवारा, तयार आहे. सातबारा आणि मिळकत पत्रिका भूमी अभिलेख आणि तलाठ्यांकडे, तेही तुमचेच. कोणत्या प्रकल्पात किती सदनिका विकायच्या राहिल्या आहेत, ही माहिती बिल्डरनेच महारेराच्या संकेतस्थळावर भरलेली असते. एकाच मंत्र्याच्या तीन कार्यालयांनी एकमेकांना विचारले, तर मला एकही खेप घालावी लागणार नाही.

म्हणून पहिली मागणी अशी. वॉरंट आल्यापासून पंधरा दिवसांत त्या बिल्डरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा, म्हणजे या येण्याची नोंद, चढावा. न विकलेल्या सदनिका जप्त झाल्या की नोंदणीच्या संगणक प्रणालीत त्यांच्या विक्रीचे दस्त आपोआप अडावेत. आज काय होते? इकडे जप्तीची नोटीस टेबलावर पडून असते आणि तिकडे तीच सदनिका तिसऱ्याला विकून दस्त नोंदलाही जातो. तो तिसराही बहुधा आमच्यासारखाच कोणी असतो, त्यालाही पुढे त्रास.

दुसरी मागणी साधी आहे. प्रत्येक वॉरंट कोणत्या टप्प्यावर आहे, हे घरबसल्या दिसावे आणि जिल्हावार किती रक्कम येणे आहे व किती वसूल झाली, हे दर महिन्याला जाहीर व्हावे.

‘गुंतवणूकदार’ या शब्दाबद्दलही लिहायला हवे. “तुम्हाला राहायला घर आहे ना, मग घाई कसली?” हे मी दोनदा ऐकले आहे. कायद्यात असा भेद नाही. स्थावर संपदा अधिनियमातल्या ‘वाटपग्राही’च्या (म्हणजे बिल्डरकडून सदनिका घेणाऱ्याच्या) व्याख्येत घर राहायला घेतले की भाड्याने द्यायला, हे कुठेही विचारलेले नाही. आणि आमच्यासारखे गुंतवणूकदार म्हणजे कोण? एक सदनिका, फार तर दोन. निम्मे पैसे कर्जाचे. ताबा नसला तरी हप्ता चुकत नाही आणि भाडे मात्र सुरूच होत नाही. मोठा गुंतवणूकदार दहा प्रकल्पांत पैसे विभागतो, एखादा बुडाला तरी तरतो. आमचे सगळे एकाच दारात अडकलेले असते.

याच अडचणीतून मुद्रांक शुल्काचा एक मुद्दा येतो. गुंतवणूकदार म्हणून बिल्डरकडून घेतलेली सदनिका ठराविक मुदतीत पुढे विकली, तर आधी भरलेले शुल्क पुढच्या दस्ताच्या शुल्कातून वजा मिळते. २०२२ मध्ये ही मुदत एका वर्षावरून तीन वर्षांवर आणली गेली आणि त्याचा खरा उपयोग झाला. पण प्रकल्पच चार वर्षे रखडला तर सवलत हातातून जाते आणि दोष असतो बिल्डरचा. करारातली ताब्याची तारीख उलटली असेल, तर उशिराचा काळ या मुदतीत धरू नये.

आमच्याकडूनही चुका झाल्या, त्या लपवत नाही. बुकिंगच्या वेळी स्थावर संपदा अधिनियमाचे कलम १३ माहीत नव्हते. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही; आम्ही नुसत्या पावतीवर वीस टक्के देऊन बसलो. महारेराच्या पानावर त्या प्रकल्पाचे आधीचे खटले दिसत होते, ते उघडून पाहिले नाहीत. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवायला हवे होते, तेही केले नाही. आता कोणी विचारायला आले तर मी आधी या तीन गोष्टी सांगते. पण या सगळ्या गोष्टी सांभाळणाऱ्यालाही शेवटी वॉरंट घेऊन तहसीलच्याच दारात उभे राहावे लागले, तर त्याला मी काय सांगू?

माझा भाऊ पुढच्या वर्षी निवृत्त होतो आहे. त्याच्या फंडाचे काय करायचे, यावर घरी रोज बोलणे होते. आमच्या तालुक्यात महारेराची किती वॉरंटे प्रलंबित आहेत, एवढा आकडा तरी तुमच्या कार्यालयाने या महिन्यात जाहीर करावा. आम्ही त्याची वाट पाहतो आहोत.

आपली विश्वासू,
वॉरंट हातात असलेली एक ज्येष्ठ नागरिक