गेम मास्टर हा आधी पंच असतो

संपादक महोदय,

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने निर्णय घेतो अशा भूमिकांच्या खेळांवरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला, मात्र त्यात गेम मास्टरचे, म्हणजे प्रसंग मांडून खेळ चालवणाऱ्याचे, वर्णन केवळ ‘उत्तम गोष्ट सांगणारा’ असे आहे. गेली सहा वर्षे पुण्यात पाच जणांसाठी मी हा खेळ चालवतो, आणि स्वतःला गोष्ट सांगणारा समजल्यामुळेच माझ्या हातून जे चुकत गेले, ते लिहिणे मला आवश्यक वाटते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या पुस्तिकांत या व्यक्तीला ‘रेफरी’, म्हणजे पंच, म्हटले होते. राक्षसांच्या वतीने फासे तोच टाकतो आणि समोर पुठ्ठ्याचा पडदा उभा असल्यास ते इतरांना दिसत नाहीत. माझ्या दुबळेपणाला आडोसा मिळाला तो याच पडद्याचा. कोणाचे पात्र मरणार असे दिसले की माझा धीर सुटतो.

एकदा, साथीदारांना निसटता यावे म्हणून, एका खेळाडूने दोन वर्षे जपलेले आपले जखमी पात्र पुलावर एकटे मागे ठेवले. राक्षसाच्या हल्ल्यासाठी मी टाकलेल्या वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले. असे दान पडण्याची शक्यता अवघी ५ टक्के असते आणि ते पडले की इजेचे फासे दुप्पट टाकावे लागतात. मी ‘वार हुकला’ असे सांगितले. वास्तविक खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीतील नियमांनुसार पात्र कोसळले तरी बहुधा लगेच मरत नाही. खेळाडू स्वतः फासा टाकत राहतो, तीनदा दहा किंवा अधिक पडले तर ते सावरते आणि त्याआधी तीनदा कमी पडले तर मरते. मरणाची तयारी ठेवून पत्करलेली ती झुंज त्याची होती, आणि मी ती त्याच्या नकळत हिरावून घेतली.

पडद्यामागे निकाल बदलण्याची मुभा त्याच आवृत्तीच्या, गेम मास्टरसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकातही आहे, पण वारंवार नव्हे. मला तिची सवय लागली. हळूहळू दाराला कान लावून कानोसा घेणे, वाटाघाटी करणे, वेळीच माघार घेणे हे सारे माझ्या खेळाडूंनी सोडले, कारण या टेबलावर कोणी मरत नाही हे त्यांना न सांगताच उमगले होते.

शांतता सहन न होणे हाही माझा दोष आहे. ‘तुम्ही काय करता?’ असे विचारून जो प्रथम बोलेल त्याचेच मी धरतो. आमच्याकडे वर्णन मराठीत आणि नियम इंग्रजीत चालत असल्याने मनात जुळवाजुळव करून बोलणारी एक खेळाडू कित्येकदा मागे राहिली, आणि तिला खेळात रस नाही असा समज मी करून घेतला, ही चूक मला अधिक बोचते.

गेल्या दिवाळीपासून मी पडदा काढून फासे सर्वांसमोर टाकतो. पहिल्याच महिन्यात एक पात्र मेले, आणि त्या रात्री त्याला निरोप कसा द्यायचा यावर सर्वांत जास्त बोलली ती हीच खेळाडू. नव्या गेम मास्टरांना आवाज बदलून संवाद म्हणायला शिकवताना पंचाच्या कामाविषयीही आपण सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे