फार्म.डी.ची सहा वर्षं आणि नावाआधीचं ‘डॉ.’

लातूर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आपण प्रबंधासाठी विद्यापीठात चपला झिजवल्या आणि ही लेकरं बारावीनंतर सहा वर्षांत ‘डॉक्टर’ होतात, हा तुझा राग मला समजतो. पण तो तू फार्म.डी.वाल्यांवर, म्हणजे ‘डॉक्टर ऑफ फार्मसी’ ही औषधशास्त्राची पदवी घेणाऱ्यांवर काढतोस, ते काही पटत नाही.

मुळात सहा वर्षं जास्त नाहीत. २००८ साली हा अभ्यासक्रम आला तो वॉर्डात काम करणारा औषधतज्ज्ञ घडवण्यासाठी. सहावं वर्ष सगळं इंटर्नशिपचं: सहा महिने मेडिसिन, मग तीन विभागांत दोन-दोन महिने. माझी भाची सध्या तेच करतेय. औशाकडची एक आजी शुगर एकदम उतरून भरती झाली. हिनं आजीची गोळ्यांची कॅरीबॅग खाटेवर रिकामी केली. एक पट्टी गावातल्या डॉक्टरांची, दुसरी लातूरची. कंपनी वेगळी, रंग वेगळा. मागचं बारीक अक्षर वाचलं तर दोन्हीत ग्लिमेपिराइडच, साखर उतरवणारं एकच औषध! आजी दोन्ही नेमानं घेत होती. हिनं लगेच निवासी डॉक्टरांना पट्ट्या दाखवल्या. दिलीप, ही नजर बी.फार्म.सारखी चार वर्षं नुसतं वर्गात बसून येत नाही रे.

आता ‘डॉ.’चं. एमबीबीएस तर बॅचलर पदवीच, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. त्यांच्याकडं आपण कधी प्रबंध मागितला? पीएच.डी. नव्या संशोधनाची, ही पदवी कसबाची. दोघींनी एकमेकींचा मान खायचं कारण नाही. फक्त नावामागं ‘फार्म.डी.’ लिहिलंच पाहिजे, आणि पेशंटला तोंडानं सांगितलं पाहिजे की मी औषधं बघते, आजाराचं निदान डॉक्टर करतील. सप्टेंबर २०२५मध्ये फिजिओथेरपिस्टांनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागं घेतलं. दिल्लीतच असा घोळ, तर खेड्यातल्या म्हातारीनं काय समजावं?

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. एवढं शिकवून वॉर्डात त्यांना जागा कुठं आहे? भाचीच्या आधीच्या बॅचमधली कितीतरी मुलं पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत दुष्परिणामांच्या नोंदी संगणकात भरत बसलीत, आणि आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्यांच्या पिशव्या कुणी उघडूनही बघत नाही.

तुझ्या पुतण्याला प्रवेश घ्यायचाच असेल तर कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल आधी स्वतः बघून ये. नियमात ३०० खाटा आहेत. मुलांना राउंडला खरंच नेतात का, हे तिथल्या इंटर्नलाच विचार, ऑफिसात नको. लातूरला येणार असशील तर भाचीशी गाठ घालून देतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक