मेगुमीच्या कपड्यांना हसण्याआधी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवारच्या अंकात मुलांच्या पानावर 'शिकी' या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेवर आलेला लेख मी दुकान उघडायच्या आधीच वाचला. दिवसभर मशीनवर बसले होते, पण डोक्यात तोच घोळत होता. मालिकेतली भुतं लेखकांना भीतीदायक वाटली नाहीत आणि त्याचा सगळा दोष त्यांनी कपड्यांवर आणि केसांवर टाकला. तिथवर ठीक आहे, ज्याची त्याची आवड. पण पुढे त्यांनी मालिकेतल्या मेगुमी या शाळकरी मुलीला धरलं. 'डोंगरातल्या खेड्यात असले कपडे घालून कोण फिरतं?' असं विचारून अख्खा परिच्छेद तिची टिंगल केली.

मी फिरले होते. म्हणून हे पत्र.

1993 साल. मी पंधरा वर्षांची. आमचं गाव कराडपासून एसटीनं तासाभरावर. एका मासिकात तीन थरांच्या झालरीचा फ्रॉक पाहिला होता, तो डोळ्यांपुढून हलेना. आईची एक मोरपंखी नायलॉनची साडी काठाला विरली होती, ती मागून घेतली आणि चुलतीच्या हातमशीनवर चार रात्री बसले. झालरीला कापड किती खातं ते तेव्हा माहीत नव्हतं. चुण्या दाट यायच्या तर घेराच्या दुप्पट पट्टी लागते. दुसऱ्याच थराला साडी संपली. तिसरा थर मी जुन्या परकराचा केला आणि तो निळीत बुडवून काढला, म्हणजे रंग थोडा तरी जुळेल. गावच्या जत्रेला तो फ्रॉक घालून घराबाहेर पडले. देवळाच्या पायऱ्यांवर नेहमीच्या चारपाच म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, ही कुणाची गं? तमाशाच्या फडात नाव घातलंय का काय?" बाकीच्या हसल्या. त्यातली एक माझी सख्खी आत्या होती.

सोमवारी शाळेत बाईंनी मला वर्गात उभं केलं आणि गावाची शोभा करायची हौस आहे का, असं विचारलं. घरी कुणी ओरडलं नाही. आठवड्याभरानं त्या फ्रॉकचे तुकडे आईच्या हातात दिसले. कंदिलाची काच पुसायला घेतले होते. आई वाईट नव्हती. तिलाही त्याच पायऱ्यांसमोरून रोज पाण्याला जावं लागायचं.

आता मालिकेचा पहिला भाग आठवा. सोतोबा गाव, उन्हाळा, रस्त्याकडेला दुकानाशी बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या आणि त्यांच्यासमोरून नटूनथटून जाणारी मेगुमी. ती पुढे जाते न जाते तोच मागे कुजबूज सुरू होते. लेक लॅपटॉपवर ते बघत होती आणि मी शेजारी बसून ब्लाऊजला हूक लावत होते. माझ्या हातातली सुई तिथंच थांबली. लेक म्हणाली, "मम्मी, काय झालं?" मला सांगता येईना. कुठल्या लांबच्या देशातल्या माणसांनी आमच्या देवळाच्या पायऱ्या कधी पाहिल्या, असंच मला झालं.

त्या कपड्यांवरून मेगुमी कोण ते कळतं. तिला गाव नको आहे, शहर हवं आहे, टेकडीवरच्या त्या परदेशी धाटणीच्या बंगल्यात राहायला आलेल्या लोकांसारखं व्हायचं आहे. तोंडानं ती हे कितीदा बोलणार? म्हणून ती ते अंगावर घालते. आपल्या लेखकांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांना फक्त गुलाबी केस दिसले.

ते म्हणतात, भूत कसं पांढऱ्या कपड्यात, केस सोडलेलं हवं. जपानी भुताचा तो पांढरा किमोनो आला कुठून, हे त्यांनी सांगायला हवं होतं. तो प्रेताला घालायचा पोशाख आहे. मृताच्या किमोनोची उजवी बाजू वर घेतात. जिवंत माणूस, बाई असो की पुरुष, डावी बाजू वर घेतो. आपल्याकडे पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर असते आणि बायकांच्या शर्टाची उजवी, त्यामुळे शिवणाऱ्याची नजर आधी तिथंच जाते. तिकडे ती पट्टी चुकली तर जिवंत माणसाचं मढं होतं. जुन्या रिवाजाप्रमाणे हा पोशाख शिवताना धाग्याला गाठ मारत नाहीत आणि टाका मागे घेत नाहीत. गेलेला जीव अडकू नये, मागे फिरू नये, म्हणून. हे मला लेकीकडून कळलं तेव्हा अंगावर काटा आला. टाका मागे घेतल्याशिवाय शिवण पक्की होत नाही, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. तिथं मुद्दाम कच्ची ठेवतात.

आणि 'शिकी'त होतं काय? मेलेली माणसं मागे फिरतात आणि जिवंतांचं रक्त पितात. सोतोबात प्रेतं जाळत नाहीत, पुरतात, म्हणून तर ती उठू शकतात. आजच्या जपानात जवळपास सगळ्यांना अग्नी देतात, त्यामुळे हे गाव मुळातच वेगळं. फर जातीची झाडं लावून शवपेट्या आणि थडग्यांशी उभ्या करायच्या लाकडी पट्ट्या बनवणं हा गावाचा जुना धंदा. त्या पट्ट्यांनाच सोतोबा म्हणतात आणि हा शब्द आपल्या 'स्तूप'वरून तिकडे गेला आहे. तेराशे वस्तीच्या त्या गावाचं नावच मरणावरून पडलंय. अशा गावात मेगुमी मरते, तिला पुरतात. पुढे तिची कबर उकरतात तर पेटी रिकामी. परत येते ती कपड्यांची हौस तशीच घेऊन. पांढऱ्या कपड्यात केस सोडून आली असती तर ती कुठलंही भूत झाली असती. नटून आली म्हणून ती मेगुमी राहिली. मला भीती वाटली ती याचीच. मरूनसुद्धा पोरीची हौस फिटली नव्हती.

एक गोष्ट लेखकांच्या बाजूनंही सांगते. पडद्यावरचे ते टोकदार केस आणि भडक पोशाख फुयुमी ओनो यांच्या 1998च्या मूळ कादंबरीतून आलेले नाहीत. 2007पासून र्यू फुजिसाकी यांनी तिच्यावरून चित्रकथा काढली, ती धाटणी त्यांची. 2010ची ही 22 भागांची मालिका त्याच चित्रांवर बेतली आहे. गावचे डॉक्टर ओझाकी, त्यांचे केस मलाही पहिले दोन भाग खटकत होते. पण गाव मरायला लागलं, रोज एक अंत्ययात्रा निघायला लागली आणि पाचव्या-सहाव्या भागापर्यंत केसांकडे लक्षच राहिलं नाही. लेखकांनी किती भाग पाहिले, ते लेखात कुठं लिहिलेलं नाही.

टेकडीवरच्या बंगल्यातली सुनाको हीही त्या उठलेल्या मेलेल्यांतलीच. तिच्या गडद, झालरीच्या झग्याला त्यांनी 'बाहुलीचे कपडे' म्हटलं आहे. ती दिसायला लहान पोर आहे आणि वय कधीच पुढे सरकणार नाही. बाहुलीसारखीच तिला ठेवलेली आहे. तो झगा अंगात असताना ती एकटी रात्री देवळातल्या भिक्षूशी देवाबद्दल बोलते, ते प्रसंग तरी पाहायचे होते. शाळकरी मुलीच्या साध्या कपड्यात ती बोलणी इतकी जड झाली नसती.

आता दुसरं. ही मालिका मुलांच्या पानावर आलीच कशी? खाली शब्दकोडं, बाजूला रंग भरायचं चित्र आणि मधे 'शिकी'. हाताने काढलेलं हलतं चित्र म्हणजे मुलांचं, हा समज अजून किती वर्षं चालणार? या मालिकेत माणसं शेजाऱ्यांच्या छातीत खुंट्या ठोकतात. डॉक्टर स्वतःच्या बायकोचं काय करतो, ते इथं लिहायलाही नको. आमच्या शेजारचा तिसरीतला मुलगा काल संध्याकाळी पेपर घेऊन माझ्या लेकीकडे आला, "दीदी, हे कार्टून लाव ना." तिनं नाही म्हटलं म्हणून रडत घरी गेला. मोठ्यांसाठीची मालिका मोठ्यांच्या पानावर घ्या आणि ती पूर्ण पाहिलेल्या माणसाकडून लिहून घ्या. एवढी विनंती पंचवीस वर्षं आपला पेपर घेणारी वाचक म्हणून करायचा मला हक्क आहे.

शेवटाकडे मेगुमी गाव सोडून शहराकडे निघते आणि तिच्याच गावची माणसं तिला ट्रॅक्टरखाली घालतात. एकदा नाही, पुन्हापुन्हा. तिनं माणसं मारली होती, हे मला मान्य आहे. पण त्या प्रसंगात मला ती भूत दिसली नाही. माझ्या लेकीनं लॅपटॉप बंद केला आणि आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

माझ्या दुकानात जवळच्या एका गावची कॉलेजची मुलगी येते. नाव लिहीत नाही. मोबाईलवर फोटो दाखवून तिनं दिवाळीच्या आधी एक फ्रॉक शिवून घेतला. गुलाबी, गुडघ्यापर्यंत, खाली दोन थरांची झालर. पैसे तीन हप्त्यांत दिले. फ्रॉक ती घरी नेत नाही. सकाळी एसटीतून उतरली की पंजाबी ड्रेसमध्ये दुकानात येते, पडद्यामागे जाऊन फ्रॉक घालते आणि कॉलेजला जाते. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीच्या आधी परत बदलते, फ्रॉक हँगरला अडकवते आणि म्हणते, "काकू, राहू दे हितंच." आपला पेपर माझ्या दुकानात टेबलावरच असतो आणि ती तो रोज चाळते. आज ती यायच्या आधी मी कालची पुरवणी उचलून कपाटात ठेवली.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, कराड