काका, बोटीत पाणी आलं नाही

काका, नमस्कार. बोटीत पाणी येतंय का असं तुम्ही तुमच्या मुलीला सारखं विचारताय ना, ते आधी सांगते. शनिवारी सकाळी बोट पाण्यात उतरवली आणि आत पाणी आलं नाही. म्हणजे अगदी ठणठणीत कोरडी नाही, पुढच्या अंगाला एक जागा अजून पाझरते, पण ते नंतर सांगते. लेकवर मनसोक्त फिरलो, परत येताना पंप चालू करून बघितला तर नुसताच घरघरला, ओढायला पाणीच नव्हतं. तुम्हाला फोन केला तेव्हा मला रडू फुटलं, धड काही बोलता आलं नाही आणि मागून काकू "जेवलीस का गं" विचारत होत्या, म्हणून आता लिहितेय. सगळ्यांसमोर लिहितेय कारण काही लोकांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. कोण ते त्यांचं त्यांना कळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोट काही मोठी नाही. सोळा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, लंड कंपनीची, सत्तरच्या दशकातली. शेजारच्या आजी वृद्धाश्रमात गेल्या तेव्हा मला देऊन गेल्या, फुकट, अट एकच की अंगणात ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची नाहीत. इथे अमेरिकेत, मिनेसोटात, जुन्या बोटींचं शेवटी तेच होतं, मोठी कुंडी. गाड्यांच्या नंबरप्लेटवर दहा हजार तळी असं छापणारं हे राज्य, प्रत्यक्षात दहा एकरांवरची मोजली तर ११,८४२ आहेत, दर दोन घरांआड ट्रेलरवर एक बोट उभी, त्यामुळे मला वाटलं रिपेअर करणारे काय, ढिगाने मिळतील.

मिळाले की. पहिल्या दुकानवाल्याने अख्खा हिवाळा बोट ठेवून घेतली, मी फोन केला की "तुमच्या मिस्टरांना बोलायला सांगा". आमच्या मिस्टरांना पाना आणि पक्कड यातला फरक कळत नाही, हे तो स्वतःच सगळीकडे सांगत फिरतो. बोट परत आली तर आतून प्रत्येक रिवेटवर, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यावर, सिलिकॉन थापलेलं, आणि मागच्या बाजूला, जिथे इंजिन लटकतं तिथे नवीन प्लायवूड, तेही ट्रीटेड, म्हणजे तांब्याचं औषध पाजलेलं, जे ओलं झालं की अ‍ॅल्युमिनियम खात सुटतं. बिल मात्र एकदम व्यवस्थित, आयटमवार. पाण्यात घातली तर थोड्याच वेळात घोट्यापर्यंत पाणी. दुसऱ्याने तर बोटीला हातही न लावता सांगितलं की भंगारात घाला, वजनावर चार पैसे सुटतील, आणि हेही त्याने नवऱ्याकडे बघून सांगितलं. प्रश्न मी विचारत होते हो!

आणि आपली मंडळी. "तू तर मासे पण खात नाहीस, बोट कशाला?" इथपासून "सांगलीची ना, पुराची सवय असेल" इथपर्यंत सगळं ऐकून झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ल्यांचा पाऊस, व्हिडिओच्या लिंकांचा पाऊस, ग्रुपमध्ये इंजिनिअर किती ते विचारूच नका, पण शनिवारी गॅरेजमध्ये टॉर्च धरायला या म्हणलं की सगळ्यांच्या मुलांचे क्लास.

तुम्ही डिसेंबरात आलात लेकीच्या बाळंतपणाला. काकूंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती आणि तुम्हाला करायला काही नव्हतं, बाहेर उणे वीस, तुम्ही आपले खिडकीत बसून बर्फ काढणाऱ्या गाड्या बघायचात. बारशाच्या दिवशी मी माझं बोटीचं रडगाणं लावलं, नेहमीसारखे सगळे हसले, आणि तुम्ही घुगऱ्यांची वाटी खाली ठेवून विचारलंत, "पत्रा किती गेजचा आहे?" इतक्या दिवसांत बोटीबद्दल मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता.

मग कळलं की तुमची सगळी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपला गेली, बॉडी सेक्शनला. ज्या लाल गाड्यांच्या खिडकीतून मी लहानपणी कोकणात जाताना ओकत गेले त्या गाड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तुम्ही ठोकलाय. लंड कंपनी १९४८ ची, इथून तीनेक तासांवरच्या न्यूयॉर्क मिल्स गावातली असं मी सांगितलं तर तुम्ही लगेच, "आमची एसटी पण अठ्ठेचाळीसचीच. एक जून, पुणे ते नगर. पण ती पहिली गाडी लाकडी होती बरं का." जणू पत्र्याच्या कामात कोण पुढे याचा हिशोब आजच चुकता करायचा होता.

सिलिकॉन खरवडणं, ते प्लाय उपटून फेकणं, आत पाणी भरून खालून कुठे ठिबकतंय तिथे मार्करने गोल करणं, ते सगळं इथे लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते पहिल्या रिवेटबद्दल.

रिवेटला दोन माणसं लागतात. एक बाहेरून डोक्यावर हवेवर चालणारी ठोकायची गन लावतो, दुसरा आत बसून शेपटीला, म्हणजे रिवेटच्या आत निघालेल्या टोकाला, डॉली टेकवून धरतो. डॉली म्हणजे जड लोखंडाचा ठोकळा, आपल्याकडे नव्हती म्हणून तुम्ही माझ्या गॅरेजमधल्या घणाचा दांडा काढून नुसतं डोकं घेतलंत. गनवर मिस्त्री, डॉलीवर हेल्पर, हे साधं गणित मलाही समजत होतं, म्हणून मी गुडघ्यांना जुनी उशी बांधून आत चढायला निघाले. तुम्ही म्हणालात, "तुम्ही कुठं चाललात ताई? बोट कुणाची? गन तुम्ही घ्या, डॉली मी धरतो."

आणि तुम्ही बूट काढलेत, ट्रेलरच्या चाकाशी नीट जोडीने ठेवलेत, मोज्यांवर बोटीत चढलात आणि मधल्या सीटखाली एका कुशीवर आडवे झालात. जागा एवढी अरुंद की तुमचा एक खांदा पत्र्याला टेकलेला, आणि हात डोक्यामागून वळवून ते घणाचं डोकं धरलेलं. कान झाकायचं एकच जोड होतं, ते तुम्ही माझ्याकडे ढकललंत, स्वतः कापसाचे बोळे घातलेत, म्हणालात माझे कान एसटीने कधीच नेले. मी ट्रिगर दाबला, दचकून सोडला. आतून तुमचा आवाज, "दाबा, दाबा, आवाज ऐका. जाड येतोय तोवर मऊ आहे. बारीक झाला की सोडा." मी परत दाबला. खरंच आवाज बदलतो हो! तुम्ही बोटाने शेपटी चाचपून म्हणालात, "दीडपट फुगली. बास. हौस म्हणून जास्त ठोकायचं नाही, चिरते."

असे तीन-चार झाले असतील तेवढ्यात नवरा चहा घेऊन आला आणि सवयीने बोटीत वाकून तुम्हाला विचारलं, काका अजून किती वेळ लागेल? तुम्ही डोकंसुद्धा बाहेर न काढता म्हणालात, "मिस्त्रींना विचारा."

मिस्त्री म्हणजे मी. काका, तुम्हाला तेव्हा कळलं का माहीत नाही, मी कंप्रेसरकडे तोंड करून उभी राहिले होते ती हवा बघायला नाही.

नंतर तुमच्या मुलीने सांगितलं की वर्कशॉपला डॉली धरायला नवीन पोरगं बसवायचे, आणि बाबांनी डॉली सोडली त्याला तिच्या जन्माच्याही आधीची वर्षं झाली असतील. म्हणजे एवढा हाताखाली माणसं वागवलेला मिस्त्री परत हेल्परच्या जागेवर जाऊन झोपला, एका अनोळखी बाईच्या भंगार बोटीत, थंडीत, आणि त्याचा गाजावाजा काही नाही. मदत करणारे आयुष्यात पुष्कळ भेटतात, मी कृतघ्न नाही, पण बऱ्याच जणांची मदत म्हणजे "तू सरक, तुला नाही जमायचं", काम होतं पण आपण दोन इंच बुटके होऊन घरी येतो. तुमच्यासारखी माणसं असतात कुठे एरवी? असतात बहुतेक, दापोडीला असतात, डेपोत असतात, कुणाचे तरी सासरे-वडील म्हणून परदेशात सोफ्याच्या कोपऱ्यात गप्प बसलेली असतात, आणि आपण त्यांना विचारतो काय तर "करमतंय ना इकडे?" झालं, संपलं.

आणि हो, ते सिलिकॉन बघून जगातल्या कुठल्याही मिस्त्रीने पहिलं वाक्य "कुणी केलंय हे?" असं म्हटलं असतं. तुम्ही तेही नाही. म्हणून ते वरती मी म्हणून घेतलं.

इंजिनचं ऐका, जुनंच इव्हिनरूड कंपनीचं आहे, टू स्ट्रोक, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. कंपनीने २०२० मध्ये ही इंजिनं बनवणंच बंद केलं, पण पार्ट मिळतात. पाणी ओढणारा रबरी पंखा नवीन टाकला, कार्ब्युरेटर धुतला, चालू झालं. धूर जुन्या लूनासारखा, वास पण तोच. रॅम्पवर तपासणीला एक कॉलेजची मुलगी होती, इथे शिंपल्यांची कीड एका लेकमधून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून बोट तपासतात आणि रस्त्यावर असताना तळाचं बूच काढलेलंच पाहिजे असा कायदा आहे. तिने खाली वाकून बघितलं आणि विचारलं, रिवेट नवीन दिसतायत, कुणी केले? मी म्हणलं, मी केले, डॉली एसटीच्या माणसाने धरली. एसटी म्हणजे काय हे तिला समजावत बसले आणि मागे गाड्यांची लाइन लागली.

आता ती पाझरणारी जागा. अगदी पुढे, टोकाला, जिथे तुमचा हात पोचत नव्हता आणि तुम्ही म्हणालात नंतर बघू, आणि मग तुमचं विमानच आलं. रिवेट आहेत, गन आहे, मला जमतंय. डॉली धरायला नवऱ्याला बसवलाय. पण तो दाबच लावत नाही, हात मागे ओढतो, म्हणतो कंपनं फार येतात. रविवारी तुमच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावते, त्याला जरा तुम्ही सांगा, माझं ऐकत नाही.