बंदराच्या जनसुनावणीला जाण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंदर वाढवायचे ठरले की जनसुनावणी लागते, मंडपात घोषणा होतात, इतिवृत्तात 'स्थानिकांनी विरोध नोंदवला, प्रकल्पधारकांनी शंकांचे निरसन केले' अशी ओळ पडते आणि पर्यावरण मंजुरी निघते. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी झाली आणि मंजुरी १६ फेब्रुवारीला आली, म्हणजे बरोबर चार आठवड्यांत. बंदर हवे की नको, हा वाद आम्ही इथे घालत नाही. सांगायचे एवढेच की जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. किती हात वर झाले याला केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत काडीचीही किंमत नाही. गणसंख्येचीसुद्धा अट नाही. किंमत आहे ती कागदावर आलेल्या प्रश्नाला, कारण त्याचे उत्तर प्रकल्पधारकाला लेखी द्यावे लागते. तेव्हा प्रश्न मोजमापाचा हवा, आणि तो विचारण्याची पहिली संधी सुनावणीच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते.

ही संधी म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अभ्यासाच्या अटी ठरण्याचा टप्पा. कार्यालयात सगळे त्याला टीओआर (टर्म्स ऑफ रेफरन्स) म्हणतात. वर्षाला ५० लाख टन किंवा त्याहून जास्त माल हाताळणारे बंदर केंद्राच्या तज्ज्ञ समितीकडे जाते, त्याखालचे राज्याकडे. अहवालात काय मोजायचे, कुठे मोजायचे, किती दिवस मोजायचे हे इथेच ठरते. या टप्प्यावर गावाला विचारण्याची सक्ती कायद्यात नाही आणि आपण होऊन कोणी विचारतही नाही. पण प्रकल्पाचा अर्ज केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर पाहता येतो. तो वाचून ग्रामपंचायतीने किंवा मच्छीमार सोसायटीने समितीच्या सदस्य सचिवांना पत्र धाडायला कोणाची आडकाठी नाही. पहिल्या अर्जात काय दडवले हे पुढे जड जाते. गोव्यातल्या मोपा विमानतळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली, तेव्हा अर्जात न दिलेली माहिती हाच कळीचा मुद्दा होता. जादा अटी घालून स्थगिती उठायला जानेवारी २०२० उजाडले.

त्या पत्रात काय मागावे? सगळ्यात आधी ऋतू. बहुतेक अहवाल पावसाळा वगळून एका हंगामाच्या, म्हणजे तीन महिन्यांच्या मोजणीवर उभे असतात. कोकणात गाळाची सर्वांत मोठी उलथापालथ जून ते सप्टेंबरमध्ये होते आणि मोजणी डिसेंबर ते फेब्रुवारीत, समुद्र निवांत असताना. अशा आकड्यांवर बसवलेले संगणकी मॉडेल गाळ कुठे जाईल हे सांगते, पण ते हिवाळ्यातल्या समुद्राबद्दल असते. प्रवाहमापक यंत्र निदान पंधरा दिवस, एक उधाण (मोठ्या भरतीचे दिवस) आणि एक भांग (लहान भरतीचे दिवस) दोन्ही सापडतील असे पाण्यात हवे, आणि पावसाळ्यातली मोजणी वेगळी हवी. दुसरी गोष्ट परिघाची. प्रकल्पाभोवती दहा किलोमीटरचे वर्तुळ आखून अभ्यास होतो. उपसलेला गाळ टाकण्याची जागा मात्र पुष्कळदा त्या वर्तुळाबाहेर असते, जहाजे नांगर टाकून थांबतात तो नांगरतळ त्याहूनही लांब. त्या दोन्ही ठिकाणांभोवती स्वतंत्र वर्तुळे आखायला लावावीत.

मसुदा अहवाल तयार झाला की सुनावणीची नोटीस निघते. एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात जाहिरात आणि किमान ३० दिवसांची मुदत, असा नियम आहे. २०२० च्या मसुदा अधिसूचनेत ही मुदत २० दिवसांवर आणायचा घाट होता. अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित स्थानिक संस्थांकडे असतात. पूर्ण अहवाल इंग्रजीत असतो आणि मराठीत हाती पडतो तो बहुधा वीस-पंचवीस पानांचा सारांश. सारांश वाचून सुनावणीला जाणे म्हणजे सातबारा न पाहता जमिनीचा व्यवहार करणे. पूर्ण अहवाल शेकडो पानांचा असला तरी त्याची प्रकरणे अधिसूचनेनेच ठरवून दिलेली आहेत: दुसऱ्यात प्रकल्पाचे वर्णन, चौथ्यात परिणाम, दहाव्यात व्यवस्थापन आराखडा आणि त्याचा खर्च. ही तीन प्रकरणे एकमेकांशेजारी ठेवून वाचली तरी निम्मे काम झाले. दुसऱ्यातला गाळाचा आकडा चौथ्यातल्या मॉडेलमध्ये तोच घातला आहे का? चौथ्यात कबूल केलेल्या परिणामाला दहाव्यात पैसे ठेवले आहेत का? आकडे नेमके इथेच जुळत नाहीत, कारण ही प्रकरणे वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली असतात.

गाळाचा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो, म्हणून तो इथे मांडतो. समजा दहा किलोमीटर लांब, ३०० मीटर रुंद जहाजवाट दोन मीटरने खोल करायची आहे. गुणाकार केला तर ६० लाख घनमीटर. पण ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारे जहाज, तळ रंधा मारल्यासारखा कापत नाही. ठरल्या खोलीला पोचण्यासाठी अर्धा मीटर जास्त खणायची मुभा कंत्राटात धरली, तर आणखी १५ लाख झाले. एकूण ७५ लाख, आणि यात दोन्ही काठांचा उतार अजून आलेलाच नाही. मऊ चिखलात तो उतार पसरट ठेवावा लागतो. आता हा गाळ नेणाऱ्या ड्रेजरच्या पोटात पाण्यासकट पाच हजार घनमीटर मावतात आणि त्यात तळाचा मूळ गाळ तीन हजारांचा असतो असे धरू. म्हणजे २५०० फेऱ्या. दिवसाला आठ धरल्या तर जवळपास ३१३ दिवस. पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी धरली तर मासेमारीचा हंगाम ३०४ दिवसांचा. हंगाम सरला तरी काम सरत नाही, आणि प्रत्येक फेरीची वाट डोलीच्या, म्हणजे ओघात बांधून ठेवलेल्या जाळ्याच्या, खुंटांमधून जाते की बाजूने, हे अहवालात आखलेले नसते. 'गाळकाढणीचा परिणाम तात्पुरता व स्थानिक स्वरूपाचा राहील' या ठरलेल्या वाक्यावर बोट ठेवून हा हिशेब विचारावा.

ड्रेजरचे पोट भरत आले की वरचे गढूळ पाणी कडेने परत समुद्रात सोडतात, म्हणजे जड गाळ आत राहतो. लांबवर पसरणारा बारीक चिखल याच पाण्यात असतो. मॉडेलमध्ये हे ओसंडणारे पाणी धरले आहे की नुसते तळाशी ढवळलेले, हा प्रश्न पान क्रमांक देऊन विचारण्यासारखा आहे. तो चिखल डोलीच्या खोल्यातल्या (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीतल्या) बारीक आसात, म्हणजे छिद्रांत, बसतो, जाळे जड होते, जवळा-करंदी चिखलाने माखून निघते. खडकावरची कालवे आणि खाजणातल्या तिसऱ्या ही शिंपली तर जागची हलू शकत नाहीत. बोटभर थर बसला की गुदमरतात.

गाळ टाकायच्या जागेबद्दल 'खोल समुद्रात, निर्धारित ठिकाणी' एवढे उत्तर चालवून घेऊ नये. अक्षांश-रेखांश अंश-मिनिटांत मागावेत. अहवालातल्या नकाशांवर पुष्कळदा मीटरमधले आकडे असतात आणि होडीवरच्या जीपीएसला ते कळत नाहीत. तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्या प्रमुखाच्या, हाती अंश-मिनिटे दिली की तो पाच मिनिटांत सांगेल की ही जागा किती वाव खोल आहे, तळ कसा आहे आणि तिथे कोणत्या गावची जाळी पडतात. टाकलेला गाळ भरतीच्या ओघात येत असेल तर तो परत जहाजवाटेतच बसतो आणि दरवर्षीची उपसणी वाढते. म्हणजे हे विचारणे बंदराच्याही फायद्याचे आहे, पण तांडेलाला विचारतो कोण?

नांगरतळाचे असेच. बंदराची क्षमता वाढली की बाहेर ताटकळणारी जहाजे वाढतात. तिथे भराव नाही, बांधकाम नाही, म्हणून परिणामांच्या तक्त्यात ते येतच नाही. मच्छीमाराच्या लेखी मात्र तेवढे पाणी गेलेच.

बाधित कोण, ही यादी सर्वांत आधी तपासावी. अहवालात सहसा नोंदणीकृत नौका आणि मासळी उतरवण्याच्या केंद्रांवरचे आकडे असतात. होडीशिवाय खाडीत पाग (फेकजाळे) टाकणारा, ओहोटीला निवट्या-चिंबोऱ्या धरणारा, कालवे फोडणारी बाई यांची नोंद कुठल्याच वहीत नसते. त्यांचा सर्व्हे ग्रामपंचायतीने स्वतः करून, ठिकाण आणि महिने लिहून, सुनावणीत दाखल करावा. हे आधी झाले नाही तर काय होते ते उरणने पाहिले आहे. तिवरे गेली, भरतीचे पाणी अडले, आणि पारंपरिक मच्छीमारांच्या १६३० कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई द्या, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला तो २०१५ मध्ये. तिथले जेएनपीटी (जवाहरलाल नेहरू) बंदर सुरू झाले होते १९८९ मध्ये.

सुनावणीच्या दिवशी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी. संपूर्ण चित्रीकरण सक्तीचे आहे. सल्लागाराचे सादरीकरण लांबते, दुपार होते, आणि नेमकी बोलायची वेळ येते तेव्हा मंडप रिकामा व्हायला लागतो. जे बोलायचे ते लेखीही द्यावे, एका मुद्द्याला एक परिच्छेद, प्रत्येकापुढे अहवालाचे पान. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सर्वांत मोठी चूक होते ती शेवटी. इतिवृत्ताचा गोषवारा त्याच दिवशी उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हायची, असा नियम आहे. पुढारी भाषण आटोपून निघून जातात आणि गोषवारा रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवला जातो. चार जणांनी तरी शेवटपर्यंत बसून, आपला मुद्दा आला नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागावी. सभात्याग केल्याने फोटो छापून येतो. इतिवृत्तात मुद्दा येत नाही.

त्यानंतर मुद्दे आणि प्रकल्पधारकाची उत्तरे असा तक्ता बनतो, तो मराठीतही करावा लागतो. 'नोंद घेतली', 'आवश्यक ती उपाययोजना केली जाईल' ही उत्तरे म्हणजे उत्तर न देणेच. इथे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे ३० सप्टेंबर २०२० चे परिपत्रक कामाला येते: सुनावणीतल्या मुद्द्यांवर दिलेली आश्वासने व्यवस्थापन आराखड्यात खर्चासह उतरली पाहिजेत. म्हणून 'मच्छीमारांचे हित जपा' असे न म्हणता, 'गाळकाढणी चालू असेतो या तीन ठिकाणी रोज गढूळपणा मोजा, आकडा सोसायटीच्या फलकावर लावा, ठरल्या मर्यादेपुढे गेला तर काम थांबवा' असे मागावे. याला खर्च काढता येतो आणि तपासताही येते. तज्ज्ञ समितीने आक्षेप का फेटाळले याची कारणे दिली पाहिजेत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातल्या रिवण येथील खाणीच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. मंजुरीनंतर हरित लवादाकडे अपिलाला ३० दिवस असतात. सबळ कारण दिले तर आणखी ६०. मुदत मोजायला पहिल्या दिवसापासून लागावे.

बंदरांच्या व्यवस्थापनांना सुनावणी म्हणजे अडथळा वाटतो. त्यांनी गोव्यातल्या मुरगाव बंदराचा अनुभव आठवावा. जहाजवाट खोल करायला फेब्रुवारी २०१६ मध्ये जनसुनावणीशिवाय मंजुरी मिळाली, काम सुरूही झाले, आणि वास्कोच्या पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर हरित लवादाने सप्टेंबरमध्ये ती मंजुरीच रद्द केली. विस्ताराच्या इतर प्रस्तावांवर मग २०१७ च्या एप्रिल-मेमध्ये ज्या सुनावण्या झाल्या त्या कित्येक दिवस चालल्या. जो वेळ वाचवला तो असा दामदुपटीने गेला.

राज्य शासनाने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने कायद्याला हात न लावता चार गोष्टी उद्यापासून करता येतील. अर्ज पोर्टलवर येताच संबंधित कोळीवाड्यांत नकाशासह बैठक घ्यावी आणि तिचे टिपण समितीला पाठवावे. अहवालाची दुसरे, चौथे आणि दहावे ही प्रकरणे पूर्ण मराठीत द्यावीत. ३० दिवस ही किमान मुदत आहे, तेव्हा ६० द्यायला नियम आड येत नाही. आणि सुनावणीची तारीख उधाणात ठेवू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला ओढ असते आणि डोलीवाले समुद्रात असतात. भांगाला, अष्टमीच्या आगेमागे, ते घरी सापडतात. नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्याला त्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे.

आपले,
बंदर अभियांत्रिकी आणि मत्स्यव्यवसाय या क्षेत्रांत काम केलेले काही वाचक, रत्नागिरी