खोडलेलं उत्तर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बारमधल्या त्या ट्रिव्हिया, म्हणजे किरकोळ माहितीच्या प्रश्नोत्तरांच्या, स्पर्धेत तुमच्या टीमचा पहिला नंबर एका गुणाने हुकला, आणि तो गुण तू आधी लिहून मग खोडलेल्या उत्तराचा होता, हे वाचून मलाही चुटपुट लागली. पण पत्राच्या शेवटी तू जो पण केला आहेस, ‘यापुढे पहिलं सुचलेलं उत्तर कधीच खोडायचं नाही’, तो मला मुळीच पटला नाही. पुढच्या स्पर्धेला हा पण घेऊन बसलीस तर आणखी गुण जातील, म्हणून लगेच लिहायला घेतलं.

पहिलं उत्तर तेच खरं, ही समजूत फार जुनी आहे. परीक्षेला निघालेल्या मुलांना मोठी माणसंही हेच सांगतात. २००५ साली क्रूगर, वर्ट्झ आणि मिलर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खोडाखोडीच्या खुणा मोजून बघितल्या. बदललेल्या उत्तरांपैकी साधारण निम्मी आधी चुकीची होती आणि बदलल्यावर बरोबर झाली. बरोबरची चुकीची झालेली जेमतेम पाव. तरीही माणसाला नेमकी ती पावच लक्षात राहतात, कारण हातात आलेलं आपणच घालवलं याची बोच जास्त लागते. त्या रात्री तू आणखीही उत्तरं खोडली असशील आणि त्यातली काही सुधारली असतील. त्यांची आठवण मात्र तुझ्या पत्रात नाही, आणि ते साहजिक आहे.

तेव्हा खोडण्याचा दोष नाही. ते कसं खोडलं गेलं, त्याकडे बघ. तुझ्याच शब्दांत सांगते. प्रश्न होता, कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा? तुमच्या टेबलावरचा तो कमी बोलणारा मुलगा म्हणाला, शुक्र. तू लिहिलंस. मग दुसऱ्याने ठासून सांगितलं, बुध. तू दोघांकडे बघून विचारलंस, ‘नक्की?’ बुध म्हणणारा म्हणाला, ‘शंभर टक्के.’ शुक्र म्हणणारा म्हणाला, ‘बहुतेक.’ आणि तू शुक्र खोडलास.

आता मजा बघ. शुक्र स्वतःभोवती एक फेरी घ्यायला पृथ्वीचे सुमारे २४३ दिवस घेतो आणि सूर्याभोवती फिरायला २२५. म्हणजे शुक्र हे उत्तर बरोबर, आणि सूत्रसंचालकाकडेही तेच होतं. पण बुध म्हणणाराही हवेत बोलत नव्हता. बुध स्वतःभोवती ५९ दिवसांत फिरतो आणि सूर्याभोवती ८८ दिवसांत, पण या दोन गतींचा मेळ असा आहे की तिथे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत १७६ दिवस जातात, म्हणजे बुधाची चक्क दोन वर्षं. उलट शुक्रावर सूर्योदय ते सूर्योदय हा काळ फक्त ११७ दिवसांचा, त्याच्या वर्षापेक्षा कितीतरी लहान. दिवस म्हणजे ग्रहाची स्वतःभोवतीची फेरी धरली तर शुक्र, आणि उगवल्या सूर्यापासून पुन्हा उगवल्या सूर्यापर्यंत धरला तर बुध! प्रश्नच ढिला होता, बाळा. दोघांनीही कुठेतरी खरं वाचलेलं होतं. बुध म्हणणाऱ्यावर राग धरू नकोस, त्याचं वाचन चांगलं आहे.

आणि हे टेबलावरच उलगडलं असतं. तू ‘नक्की?’ ऐवजी ‘कशावरून?’ असं विचारायला हवं होतं. शांत मुलाने २४३ आणि २२५ हे आकडे सांगितले असते, निदान ‘शुक्र फार हळू फिरतो’ एवढं तरी. दुसऱ्याने सूर्योदयाची गोष्ट सांगितली असती. मग तुमच्यापैकी कोणीही उठून सूत्रसंचालकाला विचारलं असतं, ‘दिवस म्हणजे स्वतःभोवतीची फेरी ना?’ कागद गोळा होण्याआधी प्रश्नाचा अर्थ विचारला तर चांगला सूत्रसंचालक तो सांगतो. निकाल लागल्यावर वाद घालून मात्र उपयोग नसतो, त्या रात्रीपुरता त्याचाच शब्द शेवटचा, आणि तो तसाच असायला हवा, नाहीतर खेळ पुढे सरकणार नाही.

‘नक्की?’ या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या ज्ञानातून कमी आणि स्वभावातून जास्त येतं. ज्याला सगळं शंभर टक्केच वाटतं, तो एकदाही बहुतेक म्हणणार नाही. आणि जो तोलूनमापून बोलतो, त्याचं ‘बहुतेक’ पुष्कळदा भरवशाचं असतं. लेखणी तुझ्या हातात आहे, तेव्हा कोणाचं ‘बहुतेक’ किती वजनाचं, हे ओळखणं तुझं काम. पाच-सहा जणांची टीम करायची कशाला? प्रत्येकाकडे अर्धंमुर्धं असतं म्हणूनच ना! पूर्ण माहीत असलेलं उत्तर कोणीही एकटा लिहील. टीमची खरी कसोटी अर्ध्या माहितीवर लागते, आणि ती अर्धी माहिती टेबलावर यावी, संकोचाने घशातच राहू नये, हे बघणारं कोणीतरी लागतं.

‘कशावरून?’ला जोडून ‘कधी वाचलंस?’ हेही विचारत जा. सर्वात जास्त चंद्र कोणाचे, या प्रश्नात २०२३ च्या सुरुवातीला गुरू शनीच्या पुढे गेला, त्याच वर्षी शनी पुन्हा पुढे आला, आणि २०२५ मध्ये शनीचे मान्यताप्राप्त चंद्र २७४ झाले. कझाकस्तानची राजधानी २०१९ मध्ये अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांतून वगळलं, त्याआधी शाळा संपलेल्यांच्या तोंडून अजूनही ‘नऊ ग्रह’ पटकन निघतात. आपल्याला वाटतं माहिती म्हणजे दगडावरची रेघ. पण पुष्कळशा माहितीवर तारीख असते, आणि ती तारीख विसरली की शिकलेला माणूसही छातीठोकपणे चुकतो. म्हणून टीममध्ये वेगवेगळ्या वयाची माणसं असली तर बरं. तुम्ही सगळे एकाच वर्गातले दिसता.

छापलं आहे म्हणजे खरं, असंही धरू नकोस. ‘ट्रिव्हियल परस्यूट’ हा पटावरचा खेळ दोन कॅनेडियन पत्रकारांनी १९७९ मध्ये रचला आणि तो पुढे जगभर गेला. त्यात एक प्रश्न होता, टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव काय? खेळातलं उत्तर होतं, फिलिप. हे नाव फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या ट्रिव्हिया कोशात मुद्दाम घुसडलं होतं, कोणी आपल्या पुस्तकातून उचलेगिरी केली तर सापडावी म्हणून. सापळा लागला! वर्थने १९८४ मध्ये दावा लावला आणि तो हरला, कारण नुसती माहिती ही कोणाची मालमत्ता होत नाही. मला त्यातला निकालापेक्षा मधला भाग महत्त्वाचा वाटतो. त्या काळात कितीतरी लोकांनी ‘फिलिप’ अगदी खात्रीने लिहिलं असेल.

तू एके ठिकाणी लिहिलं आहेस, ‘शेवटी सगळी फालतूच माहिती म्हणा.’ असं म्हणू नकोस. १९५१ साली आयर्लंडमध्ये शिकारीला गेलेल्या ह्यू बीव्हर या गृहस्थाचा मित्रांशी वाद झाला, शिकारीच्या पक्ष्यांत युरोपातला सर्वात वेगवान पक्षी कोणता? पुस्तकं चाळूनही उत्तर मिळेना. हा माणूस गिनेस या बिअर कंपनीचा प्रमुख होता. त्याच्या मनात आलं, असे वाद तर पबमध्ये रोज रात्री होत असणार, आणि ते मिटवणारं एक पुस्तक हवं. त्यातून गिनेस विक्रमांचं पुस्तक निघालं, पहिली आवृत्ती १९५५ ची. आणि तुम्ही खेळता ती पब क्विझ १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रुजली. बर्न्स अँड पोर्टर या कंपनीने १९७६ पासून पबना तयार प्रश्न पुरवले, कमी गर्दीच्या रात्री लोकांनी यावं म्हणून. दिवसभर वेगवेगळी कामं करून थकलेली माणसं एका टेबलाभोवती बसतात आणि ग्रहांच्या फेऱ्यांवर मनापासून भांडतात, यात मला फालतू काही दिसत नाही.

नाव अगदी ओठांवर आलं आणि बाहेर पडेना, असं तुमचं नद्यांच्या फेरीत झालं म्हणतेस. तेव्हा डोळे मिटून गप्प बसू नका. १९६६ मध्ये ब्राउन आणि मॅकनील यांनी यावरच अभ्यास केला होता. विद्यार्थ्यांना अवघड शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द ओळखायला सांगायचं. ज्यांच्या ओठांवर शब्द अडला होता, त्यांना पुष्कळदा त्याचं पहिलं अक्षर आणि लांबी बरोबर सांगता येत होती. म्हणजे नाव गेलेलं नसतं, त्याचा सांगाडा समोर असतो. ‘ब’ने सुरू होतं, लहानसं आहे, शेवटी ‘ल’ आहे, जे आठवेल ते मोठ्याने बोला. तुझ्या डोक्यात अडलेलं शेजारच्याच्या तोंडून सुटतं. (शेजारच्या टेबलाने ऐकलं तर? म्हणून कागदाच्या कोपऱ्यात लिहा.)

बरोबरी झाल्यावर येणाऱ्या आकड्याच्या प्रश्नासाठी एक पद्धत ठरवून ठेवा. जवळचा आकडा सांगणारा जिंकतो, तेव्हा पहिला जो मोठ्याने बोलतो त्याच्याच आकड्याभोवती बाकीचे घुटमळतात. त्यापेक्षा सगळ्यांनी आपापला आकडा एकमेकांना न दाखवता लिहायचा, मग क्रमाने लावायचा आणि मधला घ्यायचा. १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, याची स्पर्धा होती. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने नंतर त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधोमध आलेला अंदाज १२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन ११९८. तुम्ही पाच-सहाच आहात, इतकं नेमकं येणार नाही. पण या पद्धतीत कमी बोलणाऱ्याचा आकडाही इतरांइतकाच मोजला जातो, मला ती त्यासाठी जास्त आवडते.

पलीकडच्या टेबलावर कोणी फोन बघत होतं म्हणालीस. तो त्यांचा प्रश्न. तुमचे फोन पिशवीत राहू देत. आणि शेवटच्या फेरीपर्यंत डोकं ताजं ठेवायचं असेल तर मधूनमधून पाणी पीत जा.

चित्रांच्या फेरीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. ती पहिल्यांदा आली की शेवटी, आणि कागद टेबलाच्या मधे ठेवला होता की हातोहात फिरला, ते कळव. चेहरे ओळखायला प्रत्येकाला तो सरळ दिसायला हवा, उलटा चेहरा माणसाला चटकन ओळखता येत नाही. संगीताच्या फेरीतले चुकलेले प्रश्नही पाठव, मी उत्तरं काढून ठेवीन.

तुझी,
आई